हाताची घडी सोडा

माझा आवाज मोठा आहे. ही तक्रार नव्हे, ओळख समजा. इचलकरंजीत आमच्या घराची मागची भिंत आणि मागाच्या कारखान्याची पुढची भिंत एकच होती. चोवीस माग, दोन पाळ्या, खडखडाट कधी थांबायचा नाही. आमच्यात मीठ मागायचं तरी बोंब मारून मागावं लागायचं. पुढं मी मास्तरीण झाले तेव्हा हा आवाज कामी आला. सातवीच्या वर्गात मी "गप्प बसा" म्हटलं की भिंतीपलीकडची पाचवीसुद्धा गप्प बसायची.

शाळाही तसल्याच वस्तीतली. पोरं सगळी मागवाल्यांची. काही इथलीच, काहींची घरं सोलापूरकडून आलेली, काहींच्या घरात कन्नड आणि दारात मराठी. बाप मागावर, आई कांड्या भरायला. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायचं काम बायकांचं, आणि शाळेच्या आधी नाहीतर नंतर पोरींचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एकदा विज्ञानाच्या तासाला मी सहज विचारलं, सकाळी उठल्यावर तुम्हाला कुठल्या पक्ष्याचा आवाज येतो? वर्ग एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागला. शेवटी एक पोरगी उभी राहिली. बारीक चणीची, दोन वेण्या, सकाळी कांड्या भरून यायची म्हणून केसांत कायम सुताचे तंतू. म्हणाली, "बाई, आमच्यात सकाळी माग चालू असतोय की. पक्षी कसा ऐकू यील?"

ती चेष्टा करत नव्हती. मला ते लगेच पटलं. कारण डी.एड.साठी कोल्हापुरात येईपर्यंत मीसुद्धा कोकीळ फक्त पुस्तकात ऐकली होती. त्याच तासाला ठरवून टाकलं, ह्या पोरांना जंगल दाखवायचं. कसं, कधी, कुणाच्या परवानगीनं, ते नंतर बघू.

सुरुवात म्हणून त्यांना कोल्हापुरातल्या एका बागेत नेलं. तासाभरात माळ्यानं फाटक दाखवलं. "काय वो बाई, पोरं हैत का लाऊडस्पीकर?" पोरं भांडत नव्हती, फुलं तोडत नव्हती. एकमेकांना फुलपाखरू दाखवत होती, फक्त घरी बोलतात त्या आवाजात. माळ्याशी मी अर्धा तास भांडले. त्यानं माळ्याचाच मुद्दा आणखी पक्का झाला, कारण बागेतली उरलेली माणसं माझ्या आवाजानं निघून गेली.

जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर गव्यांचं जंगल आहे. तिथं शाळांसाठी निसर्ग शिबिरं भरायची. एक मुक्काम, पहाटे जंगलात फेरी. मोठ्या शाळांची पोरं दरवर्षी जायची आणि वह्यांत गव्याची चित्रं काढून आणायची. त्या जंगलाचं ऑफिस कोल्हापुरात होतं. मी अर्ज घेऊन गेले. साहेबांनी शाळेचं नाव वाचलं, गाव वाचलं आणि अर्ज टेबलावर ठेवला.

"बाई, मागं तुमच्या बाजूची एक सहल गेलती. चार दिवस जनावर फिरकलं न्हाई तिकडं. जंगलात आवाज चालत नाही. तुमची पोरं बागेत न्या."

बागेतनं तर हाकलूनच आले होते. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "साहेब, मोठ्या शाळेची पोरं काय पोटातनं मुकी जन्माला येतात? एकदा माझी पोरं न्या. नाही गप्प बसली तर पुन्हा तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही."

ते हसले. वाईट माणूस नव्हता, पण शब्दाला शब्द द्यायला तोही कोल्हापूरचाच. म्हणाले, "ठरलं. एक फेरी देतो. गार्ड बरोबर असंल. आवाज झाला की त्याच वळणावरनं माघारी. मग तुमच्या वस्तीतल्या कुठल्याच शाळेचा अर्ज घेणार न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं आणि जिना उतरले. एस.टी.त बसल्यावर घाम फुटला. माझ्या एकटीच्या तोंडापायी आख्ख्या वस्तीच्या पोरांचं जंगल मी पैजेला लावून बसले होते. आणि पोरं कोण, तर ज्यांना कुजबुज म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

महिनाभर तालीम घेतली. तालीम कसली, तमाशा होता तो. हळू बोलायचं म्हणजे ओठ कमी उघडायचे अशी पोरांची समजूत झाली, आवाज होता तेवढाच. एकदा मी त्यांना कुजबुजत एक वाक्य पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचवायला लावलं. ते शेवटच्या बाकावर पोचायच्या आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचलं. ते दारात येऊन म्हणाले, "बाई, परीक्षा आहे का भांडण?" मी त्यांना सांगितलं की आम्ही कुजबुजतोय. त्यांनी माझ्याकडं दया आल्यागत बघितलं.

मग मला येत होता तो एकच उपाय केला, जो प्रत्येक मास्तर करतो. हाताची घडी, तोंडावर बोट. एका हातानं घडी राखायची, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. हातवारे दिसले की पट्टी. पोरं तशी बसायची, डोळे वटारून, दम कोंडल्यासारखी, आणि पाच मिनिटांत त्यांतलं कुणीतरी फुटायचं. फुटलं की आधीपेक्षा दुप्पट आवाज. जायला आठ दिवस उरले आणि मला रडू यायची वेळ आली.

त्याच आठवड्यात त्या वेण्यावाल्या पोरीच्या आईची परवानगी राहिली होती म्हणून मी पोरीला घेऊन आईच्या कामावर गेले. कारखान्याच्या दारात पाय ठेवला आणि तो खडखडाट अंगावर आला. बऱ्याच दिवसांनी आले होते तरी पायांच्या तळव्यांना तो लगेच ओळखू आला. आई पार त्या टोकाला, कांड्यांच्या यंत्राजवळ. मधे माग. पोरगी माझ्या शेजारी उभी. आणि दोघी बोलायला लागल्या.

हातांनी. आईनं पाच बोटं गोळा करून तोंडाशी नेली आणि भुवया उचलल्या: जेवलीस का? पोरीनं पंजा उलटा केला: अजून नाही. आईनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं आणि कपाळावर आठ्या पाडून बोट नाचवलं: ही बाई का आली, ओरडायला? पोरीनं हातांनी डोंगर काढला, झाड काढलं, दोन बोटं चालवली. आईनं मधल्या एका कामगाराकडं बघत दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली: तुझा धागा तुटला. त्यानं माग थांबवला. मग दारातनं कुणीतरी आत आलं, तेव्हा आईनं दोन्ही मुठी खांद्यांवर ठेवून मान आखडली आणि सगळा कारखाना एकदम कामाला लागला. ती खूण मी विसरले नव्हते. मालक आला. मालक काडीसारखा बारीक असला तरी खूण तीच, रुंद खांद्यांची.

मला सगळं वाचता येत होतं. एकूण एक. माझी आई वीस वर्षं कांड्या भरत होती आणि माझ्याशी ती अशीच बोलायची. जेव, अभ्यास कर, रडू नकोस, मी येते, हे सगळं मी तिच्या हातांकडून ऐकलं होतं. डी.एड.ला आल्यावर हॉस्टेलच्या पोरी माझ्या हातवाऱ्यांना हसल्या. तेव्हापासून मी बोलताना हात पदरात घालून ठेवायला शिकले, आणि पुढं आपल्याच वर्गातल्या पोरांच्या हातांवर पट्टी मारत राहिले. महिनाभर मी ह्या पोरांचं तोंड बंद करायला बघत होते आणि त्यासाठी त्यांचे हात बांधून ठेवत होते. इतकं खुळं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

मी हात पदरातून काढले. बोटं जड झाली होती, पण चालली. तिच्या आईला विचारलं: तुझ्या पोरीला डोंगरावर नेऊ का? मी सांभाळते. त्या बाईनं हातातली कांडी खाली ठेवली. मग तिनं आपल्या छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बोट केलं: तू आमच्यातली? मी मान हलवली. तिनं दोन्ही हात पुढं ढकलले. ने. माझे डोळे भरून आले आणि त्याची मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. पोरं सवयीनं घडी घालून बसली. मी म्हटलं, "हाताची घडी सोडा." कुणी सोडेना, त्यांना वाटलं बाई परीक्षा घेतीय. मग मी बोटानं कांडी संपल्याची खूण केली. वर्गात असा हशा उसळला की मुख्याध्यापक पुन्हा दारात. ह्या खेपेला मी त्यांनाच बोट ओठांवर ठेवून गप्प केलं.

थंडीत आम्ही घाटमाथ्यावर पोचलो. सव्वीस पोरं, एक मी. मुक्कामाला पोरांना लवकर झोप येईना, कारण मागाचा आवाज नव्हता. एकानं मला विचारलं, "बाई, इथं सुट्टी हाय का?" सकाळी उजाडता उजाडता गार्ड आला. पन्नाशीचा, त्याच डोंगरातला, हातात काठी. साहेबांनी त्याला काय सांगितलं होतं ते त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. म्हणाला, "बाई, पयल्या वळणापर्यंत तर जाऊन येऊ. पोरांस्नी तेवढंच फिरल्यागत हुईल." म्हणजे त्यानं पहिल्या वळणावरून माघारी फिरायचं मनात नक्की केलं होतं.

तो पुढं, पोरं एका रांगेत, मी सगळ्यात मागं. पहिलं वळण आलं. गार्ड थांबला, कान दिला, मागं वळून बघितलं. सव्वीस पोरं गप्प. त्यानं काठीनं जमीन टोचली आणि पुढं निघाला. दुसरं वळण. पुन्हा तेच. आणि त्याच्या पाठीमागं काय चाललं होतं म्हणता? नुसता गोंधळ. एक पोर झाड दाखवतंय, दुसरं खारीएवढं नाही, मांजराएवढं शेकरू हातांनी मोजून दाखवतंय, तिसरं माझ्याकडं वळून विचारतंय की ते कोण ओरडतंय. पक्षी ओरडत होता. मी कानाला हात लावून सांगितलं: ऐक. सगळी रांग कानाला हात लावून उभी राहिली. त्या पोरांनी सकाळचा पक्षी पहिल्यांदा ऐकला तो असा.

पुढं कारवीची दाट झुडपं लागली आणि उजव्या अंगाला गवताचा मोकळा तुकडा. गार्ड डावीकडं बघत चालला होता. रांगेत मधे असलेली ती वेण्यावाली पोरगी एकदम थबकली. तिनं दोन्ही मुठी खांद्यांवर ठेवल्या आणि मान आखडली. मालक आला.

गव्याची खूण आम्ही ठरवलीच नव्हती. तिला जी सुचली ती तिनं केली. पण मागवाल्याच्या पोराला ती खूण दिसल्यावर जे व्हायचं तेच झालं. पुढच्यांनी, मागच्यांनी, सगळ्यांनी ती खूण केली आणि जागच्या जागी खिळून उभे राहिले. पाचोळ्यावरचा पायांचा आवाज बंद पडला. गार्डला ते जाणवलं, तो गर्रकन वळला. बघतो तर सव्वीस पोरं मुठी खांद्यांवर ठेवून, माना आखडून, त्याच्याकडं तोंड करून उभी. बिचाऱ्याला वाटलं पोरं त्याची नक्कल करतायत. काठी घेऊन रागानं दोन पावलं आला. मी घाईनं मूठ वर केली: थांब. त्याला खूण कळली नाही, पण माझं तोंड बघून थांबला. पोरीनं हनुवटीनं उजवीकडं दाखवलं.

कारवीच्या पलीकडं, आमच्या शाळेच्या पटांगणाएवढ्या अंतरावर, गवा उभा होता. काळाभोर, खांद्यांवर उंचवटा, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आणि खरं सांगते, त्या खुणेत आणि त्या जनावरात काही फरक नव्हता. त्याच्या मागनं आणखी आले. माद्या, तपकिरी वासरं. चरत होते, शेपट्या हलवत होते, नाकातनं वाफ निघत होती. आम्हाला त्यांनी हिशेबातच धरलं नाही.

किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही. पोरं बोलत होती, अखंड बोलत होती. एकानं अकरा बोटं मोजली, दुसऱ्यानं बारावं वासरू दाखवलं. एका पोरानं मोज्यांची खूण केली आणि आपल्या अनवाणी पायांकडं बोट दाखवून हसलं. एकीनं विचारलं, ह्यांच्यात आई कुठली? गार्ड कधी गव्यांकडं बघायचा, कधी पोरांच्या हातांकडं. शेवटी कळप आपला आपण झाडीत शिरला. पळाला नाही. चालत गेला.

परत सड्यावर, त्या उघड्या कातळावर येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. मग गार्ड माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, पोरं मुकी हैत व्हय? साह्येब तर येगळंच बोलले हुते."

मी काही बोलायच्या आत ती पोरगी आपल्या खऱ्या, इचलकरंजीच्या आवाजात म्हणाली, "मुकी न्हाय वो, मागवाल्यांची हाय आम्ही." शेजारच्या झाडावरनं पाखरं उडाली. आणि तिथं जे सव्वीस तोंडांचं धरण फुटलं ते मुक्कामाच्या जागेपर्यंत थांबलं नाही. मी थांबवलंही नाही. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

आठवड्यानं मी ऑफिसात गेले, ह्या खेपेला मान ताठ करून. साहेबांच्या टेबलावर गार्डची वही होती. त्यांनी ती माझ्याकडं फिरवली. त्यानं लिहिलं होतं, बारा गवे, पोरांनी आधी बघितले, आवाज नाही. साहेब म्हणाले, "काय जादू केलीत बाई?" मी म्हटलं, "काही नाही. मी मधे येत होते, ती बाजूला झाले." मग त्यांनी मला चहा पाजला आणि पुढच्या वर्षीचा अर्ज तिथंच लिहून घेतला. शेजारच्या दोन शाळांचाही. त्यानंतर एक वर्ष असं गेलं नाही की आमच्या वस्तीची पोरं त्या जंगलात गेली नाहीत. पुढं हुपरीचीही आली, घरात बसून पैंजण घडवणाऱ्यांची, दिवसभर माना खाली घालून बसायची सवय असलेली. त्यांना आमच्या पोरांनी खुणा शिकवल्या आणि त्यांनी आमच्या पोरांना एका जागी न हलता बसायला.

दोन हजारनंतरची सात-आठ वर्षं अशीच गेली. माझी निवृत्ती जवळ आली होती. शेवटची तुकडी घेऊन गेले तेव्हा तिथं कोल्हापुरातली एक मोठी शाळाही आली होती, टोप्या, दुर्बिणी, पाण्याच्या बाटल्या. जुना गार्ड निवृत्त झालेला. नवा तरुण पोरगा होता, त्यानं मला ओळखायचं कारण नव्हतं. फेरीआधी त्यानं दोन्ही शाळांना एकत्र बसवलं आणि म्हणाला, "हितं तोंडानं बोलायचं न्हाई. आमची जंगलातली जुनी भाषा हाय, ती शिकवतो." आणि त्यानं मूठ वर केली: थांबा. मग दोन्ही मुठी खांद्यांवर ठेवल्या. "ही खूण झाली की समजायचं, गवा हाय."

मी खाली मान घालून हसू दाबत होते. तेवढ्यात आमच्या रांगेतनं एक पोरगी उठली. त्या वेण्यावालीची धाकटी मावसबहीण, केसांत तेच तंतू. सरळ पुढं गेली आणि एवढ्या मोठ्या शाळेसमोर गार्डला म्हणाली, "असं न्हाय वो. मान आखडाय लागतीया. न्हायतर लांबनं कळत न्हाय." तिनं करून दाखवलं. गार्डनं तिच्याकडं बघून पुन्हा केली. "आता बरोबर," ती म्हणाली.

"तुला गं कुठनं ठाऊक?" त्यानं विचारलं.

"माझ्या आईची भाषा हाय ती," ती म्हणाली.

टोपीवाली सगळी पोरं मुठी खांद्यांवर घेऊन माना आखडायला लागली आणि ती पोरगी रांगेतनं फिरत एकेकाची मान नीट करत राहिली. माझी आई तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला त्या वेळी तिचा एवढा अभिमान वाटला की छातीत मावेना, आणि तो वाटायला इतकी वर्षं लागली याचा रागही आला, माझा मलाच. पोरीनं लांबून माझ्याकडं बघितलं आणि भुवया उचलल्या: बाई, बरोबर करतीय न्हवं? मी दोन्ही हात उचलून तिला सांगितलं, बरोबर. पुढं हो.